हा कार्बन कुणाचा?

पृथ्वी तापते आहे हे आता फारसे कुणी नाकारत नाही. वाद उरतो तो कारणाचा. ‘हिमयुगे आली आणि गेली, तेव्हा कुठे होत्या गिरण्या आणि मोटारी?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण पूर्वीचे बदल निसर्गाने घडवले, एवढ्यावरून आजचा बदलही त्यानेच घडवला असे ठरत नाही. सूर्य, ज्वालामुखी, समुद्र आणि माणूस यांपैकी प्रत्येकाची खूण वेगळी असते. त्या खुणा एकेक करून ताडून पाहिल्या की संशयितांची यादी भराभर आटते.

सुरुवात हवेपासून करू. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. औद्योगिक क्रांतीपूर्वी हा आकडा २८० च्या आसपास होता, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात की गेल्या ८ लाख वर्षांत तो आजच्या जवळपासही पोहोचला नव्हता. ही भर आली कुठून? कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. त्यामुळे कोट्यवधी वर्षांच्या जुन्या कोळशात आणि खनिज तेलात तो शिल्लकच नसतो. हान्स झ्यूस यांना १९५० च्या दशकात झाडांच्या वाढवलयांत कार्बन-१४ चे प्रमाण घटलेले आढळले. म्हणजे हवेत फार जुना कार्बन मिसळत होता. तो ज्वालामुखीतूनही आला असेल, असे म्हणता येईल. पण वनस्पती कार्बन-१३ तुलनेने कमी घेतात, म्हणून त्यांच्यापासून बनलेल्या कोळशातही तो कमी असतो. हवेतले त्याचे प्रमाणही नेमके घसरते आहे. शिवाय हवेतला ऑक्सिजन किंचित पण सातत्याने कमी होतो आहे, आणि ऑक्सिजन खर्च होतो तो ज्वलनात. समुद्राने कार्बन ओकला म्हणावे, तर त्याचे पाणी अधिक आम्लधर्मी होते आहे. तो कार्बन देत नसून घेतो आहे. उरते ते माणसाने जाळलेले इंधन आणि तोडलेली जंगले.

‘हवेत जेमतेम ०.०४ टक्के असलेला वायू काय करणार?’ हा पुढचा आक्षेप. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीतून निघणारी उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत. ती अडवणारे वायू मोजकेच आहेत, हे जॉन टिंडाल यांनी १८५९ मध्येच प्रयोगाने दाखवले. पाण्याची वाफ त्यांत सर्वांत प्रभावी खरी, पण हवेत किती वाफ टिकणार हे तापमानच ठरवते. जादाची वाफ काही दिवसांत पाऊस होऊन उतरते. कार्बन डायऑक्साइडची भर मात्र शतकानुशतके रेंगाळते. राहता राहिला सूर्य. तो कारण असता तर वातावरणाचे खालचे आणि वरचे, दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबर निवतो आहे. कार्बन डायऑक्साइड वाढल्यास असेच होईल, हे स्युकुरो मानाबे यांनी रिचर्ड वेदराल्ड यांच्यासह १९६७ मध्ये गणिताने मांडले होते. मानाबे यांना २०२१ चे नोबेल मिळाले. उपग्रह १९७८ पासून सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तिच्यात तापमानवाढीला पुरेल अशी वाढ दिसलेली नाही.

परिणामांचा धागाही याच भौतिकशास्त्राला जोडलेला आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात मुरते, आणि आपला अरबी समुद्रही तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही: पावसाची सरासरी गाठली जाते आणि पीक हातचे जाते. एखादा पूर किंवा एखादी कडाक्याची थंडी यांवरून काहीच सिद्ध होत नाही हे मान्य; म्हणून तर दशकांची नोंद पाहायची.

भारताचे दरडोई उत्सर्जन अमेरिकेच्या तुलनेत फारच कमी आहे, तेव्हा जबाबदारी सारखी वाटणे अन्यायाचे ठरेल. पण जबाबदारी किती, हा वाटणीचा प्रश्न आहे. कारण कोणते, हा वाद पुराव्याने मिटवला आहे. कारण सूर्यात असते तर सोसण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते इंधनात आहे, आणि कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आले की त्यामुळे होणारी तापमानवाढही जवळपास थांबते, असे आजचे विज्ञान सांगते.