धुराड्यातला वायू, पण वीज कुठली?

परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळी लागते. तिथल्या शिवारात कपाशीला पडणारी युरियाची 45 किलोची एक गोणी तयार होताना सुमारे 33 किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. अलिबागजवळ थळला आरसीएफच्या कारखान्यात अमोनिया आणि हा वायू यांच्या संयोगातूनच युरिया बनतो. तेव्हा या वायूपासून उपयोगी रसायन करणे नवे नाही. नवे आहे ते हे काम विजेकडून करून घेणे. कारखान्यांचा कार्बन पकडून वापरण्याच्या संशोधनासाठी मुंबईच्या आयआयटीत 2022 मध्ये राष्ट्रीय केंद्र उभे राहिले, आणि तेव्हापासून ‘प्रदूषणातून पैसा’ अशा मथळ्यांना बहर आला आहे. मथळे वाचताना आपली नजर धुराड्यावर खिळते. ती विजेच्या तारेवर जायला हवी.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे इंधनाची राख. जळताना जी ऊर्जा निघून गेली, ती परत घातल्याशिवाय राखेचे लाकूड होत नाही. विद्युतघटात ऋणाग्रावर या वायूला इलेक्ट्रॉन मिळतात, आणि तिथे धातू कोणता आहे यावर हाती काय लागेल ते ठरते: चांदी असेल तर कार्बन मोनॉक्साइड, कथील किंवा बिस्मथ असेल तर फॉर्मिक आम्ल, तांबे असेल तर इथिलीन आणि अल्कोहोल. तांब्याचा हा गुण जपानच्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी यांनी 1980च्या दशकात दाखवून दिला. दुसरा मार्ग आडवळणाचा, पण आज जास्त पक्का आहे. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि त्याच्याशी हा वायू जोडून मिथेनॉल करायचे. आइसलँडमध्ये 2012 पासून भूगर्भातल्या उष्णतेच्या विजेवर असा कारखाना चालला. मध्य प्रदेशात एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्रातही रोज 10 टन मिथेनॉलचा प्रकल्प उभारला गेला.

आता हिशेब करू. एक किलो मिथेनॉलमध्ये सुमारे 1.4 किलो कार्बन डायऑक्साइड जिरतो आणि त्यासाठीचा हायड्रोजन काढायला जवळपास 10 युनिट वीज लागते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ग्रिडच्या विजेवर 1.4 किलो जिरवायला 7 किलो सोडायचा! परळीच्या औष्णिक केंद्रातल्या कोळशाच्या विजेवर तर हा तोटा आणखी वाढतो. पाण्याचेही तेच. हायड्रोजनसाठी किलो मिथेनॉलमागे पावणेदोन लिटर पाणी पुरते, पण तेवढी वीज कोळशावर करायची तर तीसेक लिटर लागेल. पाण्याअभावी 2013 मध्ये परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते, हे मराठवाड्याला सांगायला नको.

मग सौर वीज वापरा, असे उत्तर येते. त्यावरचा आक्षेप खरा अवघड आहे: तीच 10 युनिट सौर वीज थेट ग्रिडला दिली तर कोळसा वाचून नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड टळेल. मग ती 1.4 किलोसाठी का घालवायची? आक्षेप मला मान्य आहे. जोवर दुपारची सौर वीज ग्रिडला पचते, तोवर ती ग्रिडलाच द्यावी. पण सौर प्रकल्प वाढतात तशी दुपारी वीज जास्त आणि गिऱ्हाईक कमी, अशी वेळ येऊ लागते. या तंत्राची जागा त्या उरलेल्या विजेत आहे. तेवढ्यासाठी महागडी यंत्रे रात्रभर बसून राहणार, हा दोष मात्र उरतोच. म्हणून सुरुवात कमी विजेच्या आणि चढ्या भावाच्या मालापासून करावी. फॉर्मिक आम्लाच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन पुरतात, मिथेनॉलला सहा लागतात. शिवाय हे आम्ल रबर आणि चामड्याच्या धंद्यात खपते.

वायू कुठून घ्यायचा, याचे उत्तर मराठवाड्यात सोपे आहे. औष्णिक केंद्राच्या धुरात हा वायू जेमतेम 12-15 टक्के असतो, त्यात गंधकाचे ऑक्साइड मिसळलेले, आणि गंधकाने अभिक्रिया घडवणारा धातू, म्हणजे उत्प्रेरक, खराब होतो. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबताना निघणारा वायू मात्र जवळपास शुद्ध असतो. एक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो. शिवाय हा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला, आणि गाळपाचा हंगाम उन्हाच्या, निरभ्र महिन्यांतला.

तापमानवाढ याने थांबेल, या भ्रमात मात्र राहू नये. जगभरात वर्षाला लागणारे सुमारे 11 कोटी टन मिथेनॉल सगळेच्या सगळे असे केले, तरी जागतिक उत्सर्जनाचा अर्धा टक्काही जिरणार नाही, आणि मिथेनॉल जाळले की तो वायू पुन्हा हवेतच. पण भारत आपल्या गरजेचे बहुतेक मिथेनॉल आयात करतो. ती आयात थोडी घटली आणि रसायनांसाठी जमिनीतून नवा कार्बन उपसावा लागला नाही, तर एवढा लाभ काही लहान नाही. तेव्हा अतिरिक्त सौर विजेवर डिस्टिलरीचा वायू वापरणाऱ्या छोट्या प्रकल्पाला सरकारने जरूर पैसे द्यावेत. परळीच्या धुराड्याला यंत्र जोडून ते परळीच्याच विजेवर चालवण्याचा प्रस्ताव आला, तर तो पहिल्याच बैठकीत फेटाळावा.