चेंडू मागे फिरतो तो कसा?

टीव्हीवर गोल्फ पाहणाऱ्यांनी हा फटका पाहिलेला असतो. शंभरेक मीटरवरून आलेला चेंडू ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवतावर पडतो, एक टप्पा पुढे घेतो, दुसऱ्या टप्प्याला जागच्या जागी अडतो आणि चक्क मागे सरकू लागतो. विलक्षण देखणं दृश्य!

नवशिक्याला वाटतं, खेळाडूने क्लब चेंडूखाली घालून तो उचलला असेल, नाहीतर मनगटाला झटका दिला असेल. घडतं नेमकं उलट. आयर्न, म्हणजे धातूच्या सपाट चेहऱ्याचा क्लब, चेंडूला लागतो तेव्हा क्लब अजून खालीच येत असतो. आधी चेंडू, मग जमीन. म्हणूनच मुरलेल्या खेळाडूने मारल्यावर गवताचं जे ढेकूळ उडतं, त्याचा खड्डा चेंडू होता त्या जागेच्या पुढे पडतो. खड्डा मागे सुरू झाला, तर क्लब आधी मातीत रुतला आणि चेंडूला मागे आणणारी उलटी फिरकी तिथेच संपली.

क्लब खाली येतोय, पण त्याचा चेहरा मागे कललेला, म्हणजे आकाशाकडे पाहणारा. चेहऱ्याचा हा कल म्हणजे लॉफ्ट. क्लबची दिशा आणि चेहऱ्याची दिशा यांच्यातला कोन जितका मोठा, तितका धक्का तिरका बसतो. चेहरा चेंडूच्या पाठीला घासून त्याचा खालचा भाग पुढे ओढतो, वरचा भाग मागे वळतो. सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागात हे सगळं उरकतं. तेवढ्यात अव्वल व्यावसायिकाच्या ७ नंबरच्या आयर्नवरून निघालेल्या चेंडूला मिनिटाला सुमारे ७,००० फेऱ्यांचा वेग मिळतो. जास्त लॉफ्टच्या वेज या क्लबवर ९,००० च्या वर. मात्र कोन फारच वाढला की चेंडू चेहऱ्यावरून घसरतो आणि फिरकी वाढेनाशी होते.

ही फिरकी फक्त चेंडू थांबवण्यासाठी नसते, हे प्रथम नीट दाखवलं ते एडिंबरा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी. सेंट अँड्र्यूजच्या मैदानाचं त्यांना वेड होतं. मुलगा फ्रेडी तर ब्रिटिश अ‍ॅमॅच्युअर स्पर्धा १८९६ आणि १८९८ मध्ये जिंकलेला. टेट यांनी चेंडूला लांब फीत बांधली, फटका मारवला आणि फितीला पडलेले पीळ मोजून फिरकी ताडली. उलटा फिरणारा चेंडू हवा खाली ढकलतो आणि स्वतः वर उचलला जातो, म्हणून तो इतका वेळ तरंगतो. अवजड गणित करणाऱ्या माणसाने साध्या फितीवर भरवसा ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आयर्नच्या चेहऱ्यावरच्या खाचा चेंडूला पकडतात, हा समज मात्र सोडायला हवा. कोरड्या, स्वच्छ चेंडूवर खाचा नसलेला खरखरीत चेहराही जवळपास तेवढीच फिरकी देतो. खाचांचं खरं काम पाणी आणि गवताचा रस बाजूला सारणं. त्या फार धारदार झाल्या, दाट गवतातूनही चेंडू हुकमी थांबू लागला, तेव्हा २०१० पासून नियमांनी त्यांची धार आणि आकारमान कमी केलं. मला तो निर्णय योग्यच वाटतो. वाट चुकून गवतात गेलेल्याला काही किंमत मोजावी लागलीच पाहिजे.

चेंडूचं आवरणही महत्त्वाचं. मऊ युरेथेनचा चेंडू चेहऱ्याला धरतो, स्वस्तातला कडक चेंडू निसटतो. ओल्या गवतात मात्र महागडा चेंडूही फिरकी गमावतो, ग्रीनवर पडून पुढे पळत सुटतो. म्हणून तिथून मारताना जाणता खेळाडू एक नंबर कमी ताकदीचा आयर्न घेतो आणि चेंडू ग्रीनच्या अलीकडेच टाकतो.