टेस्टमध्ये स्पीड पूर्ण, तरी फाइल जाईना

मागच्या पावसाळ्यात आपला शुक्रवारचा कार्यक्रम लागोपाठ दोनदा लागला नाही. त्या जागी जुनाच कार्यक्रम पुन्हा लावला. नंतर बाजारात, देवळात, जिथे भेटल्या तिथे बायांनी विचारलं, ‘काऊन वो ताई, तुमचं भाषण काऊन नाही आलं?’ तेव्हा आम्ही ‘नेट नव्हतं’ म्हणून वेळ मारून नेली. खरं म्हणजे नेट होतं. काय झालं होतं ते आज सांगतो, कारण तुमच्याही घरी असं होत असेल.

आम्ही इथे अकोटात रेकॉर्डिंग करतो आणि फाइल इंटरनेटवरून पाठवतो. अर्ध्या तासाची चांगल्या दर्जाची फाइल ३०० एमबीच्या आसपास भरते. ती आधी परदेशातल्या एका सर्व्हरवर चढते, तिथून रेडिओ केंद्र ती उतरवून घेतं. एरवी पाच-दहा मिनिटांचं काम. पण त्या दिवसांत तासाच्या वर लागायला लागला, आणि मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

हे काम आमच्यातली एक बारावी झालेली मुलगी करते. सगळ्यांनी आधी तिलाच धरलं. तुला जमत नसेल, तू मोबाइलवर व्हिडिओ पाहत असशील, असं आम्हीही बोललो. नेटवाल्यांना फोन केला, तर म्हणाले, स्पीड टेस्ट करा. केली. २०चा प्लॅन, टेस्टमध्ये १८ आले. ‘आमच्याकडून बरोबर आहे, तुमचा लॅपटॉप पाहा,’ असं उत्तर मिळालं. म्हणजे बोट पुन्हा तिच्याकडेच. ती दोन दिवस आलीच नाही.

आता फाइल जाते कशी ते पाहू. ती अख्खी जात नाही. तिचे बारीक तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. ३०० एमबीचे सुमारे दोन लाख तुकडे होतात. तुकडे मिळाले की पलीकडचं यंत्र त्यांची पोच देतं. पोच वेळेवर येत गेली की आपला लॅपटॉप एका वेळी जास्त तुकडे सोडतो. एखाद्या तुकड्याची पोच आली नाही, की तो धरून चालतो की रस्त्यात गर्दी आहे, आणि एकदम हात आखडता घेतो. जुन्या पद्धतीत तो तुकड्यांची संख्या निम्मी करायचा. आज बहुतेक यंत्रांत क्युबिक नावाची पद्धत आहे, ती सुमारे तीस टक्के कमी करते. मग परत थोडं थोडं वाढवत नेतो.

ही रीत उगाच आलेली नाही. ऑक्टोबर १९८६मध्ये अमेरिकेत बर्कले इथल्या लॉरेन्स प्रयोगशाळेतून तिथल्याच विद्यापीठात माहिती पाठवताना वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला होता. ४० बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं! आणि अंतर किती, तर सुमारे ३६५ मीटर. चालत जाऊन कागद दिला असता तरी लवकर पोचला असता. झालं असं होतं की पोच आली नाही की प्रत्येक यंत्र तोच तुकडा पुन्हा पाठवायचं, त्याने गर्दी आणखी वाढायची, आणि कुणीच मागे सरायचं नाही. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी यावर उपाय काढला आणि १९८८मध्ये तो मांडला: पोच आली नाही तर आवरतं घ्या. तेव्हापासून इंटरनेट टिकून आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पण या शहाणपणात एक खोट आहे. कापसाच्या हंगामात मार्केटसमोर गाड्यांची रांग लागते ते आपण पाहतो. समजा, गावाहून बंड्या निघाल्या आणि त्यातली एक परत आली नाही. घरच्यांनी ठरवलं, मार्केटात गर्दी दिसते, बाकीच्या थांबवा. खरं तर त्या बंडीचं चाक वाटेत निखळलेलं, आणि मार्केट रिकामं. लॅपटॉपचंही तसंच. तुकडा गर्दीने हरवला की वायरीच्या दोषाने, हे त्याला कळत नाही. तो दोन्ही वेळा हात आखडता घेतो.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी परत आली, ती वही घेऊनच. तिने पिंग करायला घेतलं. पिंग म्हणजे दारावर टकटक करून ‘ओ’ येते का आणि किती वेळात येते, ते मोजणं. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून ते करता येतं. आधी घरातल्या राउटरला ५०० टकटकी: ५०० परत. मग मुंबईतल्या एका सर्व्हरला: दुपारी ६ हरवल्या, रात्री अकराला ७, पहाटे ५.

खरी गोम इथेच सापडली. गर्दी असती तर संध्याकाळी जास्त आणि पहाटे जवळजवळ शून्य हरवायला हव्या होत्या. शिवाय गर्दीत ‘ओ’ उशिरा येते, कारण तुकडे रांगेत थांबतात. इथे प्रत्येक वेळी वेळ तीसच मिलिसेकंद, जेमतेम इकडेतिकडे. उशीर नाही, तरी हरवतंय, म्हणजे रस्ता मोकळा आहे आणि कुठेतरी खड्डा आहे.

मग तिने गच्चीवरच्या डब्याला पिंग केलं. त्याचा पत्ता बसवणाऱ्याने डब्यावरच लिहून ठेवला होता. तिथेच ६ हरवल्या. म्हणजे खड्डा राउटर आणि गच्ची यांच्या मधल्या वायरीत. वर जाऊन पाहिलं, तर वांदरांनी वायर ओढलेली, जोड उघडा पडलेला आणि पावसाने तांब्यावर हिरवा थर चढलेला.

शंभरात एक तुकडा हरवला तर एवढं काय बिघडतं, असं आम्हालाही वाटलं. ते अंतरावर ठरतं. पोच जितकी उशिरा येते, तितका वेग सावरायला वेळ लागतो. याचा ढोबळ हिशोब असा: पोच ३० मिलिसेकंदांत येत असेल, तर शंभरात एक हरवूनही एका जोडणीला पावणेपाच एमबीपीएस मिळतात. पोच परदेशातून २५० मिलिसेकंदांत येत असेल, तर अर्धा एमबीपीएसच्या थोडं वर. ३०० एमबीला त्या वेगाने सत्तर मिनिटं लागतात. आमची वेळ नेमकी तेवढीच होती. आणि स्पीड टेस्ट? ती जवळच्या सर्व्हरशी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते. एक आखडली तरी बाकीच्या भरून काढतात. टेस्ट खोटी नव्हती, पण आमच्या फाइलचं दुखणं तिला दिसणारच नव्हतं.

गूगलने २०१६मध्ये बीबीआर नावाची पद्धत आणली. ती हरवलेल्या एखाददुसऱ्या तुकड्याने घाबरत नाही. वेग आणि उशीर मोजून ठरवते. पण पाठवणाऱ्या यंत्रात ती असावी लागते, आणि आमच्या लॅपटॉपात ती नव्हती.

याच्या उलटही दुखणं असतं. घरात कुणी मोठी फाइल चढवायला लागलं आणि दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल अडखळला, तर तेव्हा पिंग करून पाहा. तीसचे पाचशे-आठशे मिलिसेकंद झाले, तर ती खरोखर रांग आहे. तिथे वायर बदलून उपयोग नाही. फाइल रात्री चढवा.

मुलीच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म अडकला, तर आधी वाय-फाय सोडून मोबाइलच्या नेटवरून करून पाहा. तिथून गेला, तर दोष घरच्या जोडणीत आहे. मग पिंगचे आकडे वेळेसकट लिहून घ्या आणि तेच फोनवर वाचून दाखवा. आमच्याकडे ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीवर चार दिवस कुणी आलं नव्हतं. ‘राउटरपर्यंत ५०० पैकी शून्य, गच्चीपर्यंत ५०० पैकी सहा’ म्हटल्यावर त्याच दुपारी माणूस आला. त्याने जोड कापून नवा बसवला, वर प्लास्टिकची नळी चढवली. मुलीने तिथेच परत ५०० मोजल्या. एकही हरवली नाही. त्या शुक्रवारचं भाषण सहा मिनिटांत गेलं. आम्ही तिची माफी मागितली, आणि ती वही आता राउटरशेजारी टांगलेली असते.