वेबकॅम घेताना: शनिवारच्या कॉलने शिकवलेले धडे



या अंकात वेबकॅमसारख्या विषयावर लिहिताना मला थोडा संकोच वाटला. पण मागच्या वर्षी आपल्यापैकी काहींनी विचारले होते, "वसतिगृहासाठी लॅपटॉप दिला, आता त्यावर काय हवे?" त्याचे नीट उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हते. आता आहे, आणि ते आम्ही चुकतमाकतच शिकलो.

आमच्या येवला परिसरातली पुष्कळशी भिल्ल कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणे टळत नाही. फड संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, आईबाप कोपीवर आणि मुले आमच्याकडे. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही मुलांना आईवडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलायला देतो. मुलांसाठी आठवड्यातला सगळ्यात मोठा दिवस तोच.

गेल्या हिवाळ्यात सहावीतल्या एका मुलीच्या दंडावर फिकट चट्टा दिसला. ती कॉलवर आईला बोलून गेली. आईच्या मनात एकच शब्द आला: महारोग. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून तिला लेकीचा दंड दिसेना. खिडकी मुलीच्या पाठीमागे होती, त्यामुळे चेहरा काळा आणि दंडाच्या जागी नुसता धूसर डाग. आम्ही एका डॉक्टरांनाही कॉलवर दाखवले. ते म्हणाले, "ताई, मला काहीच कळत नाही, घेऊन या." नाशिकला नेऊन दाखवेपर्यंत आठ दिवस गेले. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्याने स्पर्श कळतो का ते पाहिले, कातडी तपासली आणि सांगितले: शिबं आहेत, मलमाने जातील. पण त्या आठ दिवसांत ती माउली कोपीवर जेवली नव्हती.

एक गोष्ट आधीच सांगते. चट्ट्याला बधिरपणा आहे का, हे कुठलाच कॅमेरा सांगू शकत नाही. ते हात लावूनच तपासावे लागते. कॅमेऱ्याने नाशिकची फेरी वाचली नसती. पण आईने स्वतःच्या डोळ्यांनी चट्टा पाहिला असता, डॉक्टरांनाही थोडा अंदाज आला असता.

विकत घेण्याआधी

पहिला प्रश्न: वेबकॅम खरंच हवा का? साध्या स्मार्टफोनचा मागचा कॅमेरा बहुतेक वेबकॅमपेक्षा सरस असतो. ड्रॉइडकॅमसारख्या ॲपने फोनच लॅपटॉपचा वेबकॅम होतो, आणि अँड्रॉइड १४ असलेल्या काही फोनमध्ये केबल जोडताच वेबकॅमचा पर्याय येतो. एका घरासाठी एवढे पुरे. आमची अडचण अशी की फोन कार्यकर्त्याचा असतो. मध्येच कॉल येतो, बॅटरी उतरते, आणि कार्यकर्ता वस्तीवर गेला की फोनही जातो. म्हणून वेगळा कॅमेरा.

चित्राची स्पष्टता आणि डेटा

खोक्यावर ७२० पी, १०८० पी असे लिहिलेले असते. हा आकडा चित्रातल्या आडव्या ओळींचा. जास्त ओळी म्हणजे जास्त बारकावा, पण डेटाही जास्त. झूमच्या सूचनेप्रमाणे दोघांच्या कॉलला ७२० पी साठी सुमारे १.२ एमबीपीएस वेग लागतो, तर १०८० पी साठी पाठवायला ३.८ आणि घ्यायला ३. हिशेब केला तर ७२० पी चा एक तासाचा कॉल येता-जाता मिळून जवळपास १ जीबी खातो, १०८० पी चा ३ जीबी. रोज दीड-दोन जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर काय परवडेल ते आपणच पाहा. फडावर नेटवर्क कमी असले की चित्र आपोआप खाली उतरते. तरीही १०८० पी चा कॅमेरा घेणे शहाणपणाचे. डॉक्टरांना काही दाखवताना तो उपयोगी पडतो आणि एरवी ७२० वर ठेवता येतो.

"फोर के" किंवा मोठमोठे मेगापिक्सेल लिहिलेल्या स्वस्त अनोळखी कॅमेऱ्यांपासून सावध राहा. पुष्कळदा आतला सेन्सर साधाच असतो आणि चित्र नुसते ताणून मोठे केलेले असते.

फोकस

हा मुद्दा दुकानदार सांगत नाही. स्वस्त कॅमेऱ्याचा फोकस कायमचा ठरलेला असतो. चेहरा स्पष्ट दिसतो, पण हात किंवा वही अगदी जवळ नेली की धूसर. लॉजिटेकचा सी २७० हा असा ७२० पी चा कॅमेरा, नुसत्या गप्पांसाठी चांगला. त्याच कंपनीचा सी ९२० १०८० पी चा आहे, त्याला ऑटोफोकस आहे आणि स्टँडवर बसवायला खाली आटेही आहेत. किंमत अर्थातच बरीच जास्त. कुठलीही कंपनी घ्या, पण जखम, चट्टा किंवा गृहपाठ दाखवायचा असेल तर ऑटोफोकस हवाच.

किती मुले मावतात?

कॅमेऱ्याचा कोन अंशांत लिहिलेला असतो. दोन मीटरवर बसले तर ६० अंशांच्या कॅमेऱ्यात सुमारे दोन मीटर रुंदी मावते, ७८ अंशांत पावणेतीन, ९० अंशांत साडेतीन. भावंडे आईशी बोलणार असतील तर ६० पुरे. आम्हाला पाच-सहा मुले एका बाकावर बसवायची असतात, म्हणून ७८ घेतला. त्याहून रुंद कोनात चेहरे लहान दिसतात, आणि आईला चेहराच पाहायचा असतो.

उजेड

हे आम्ही येवल्याच्या पैठणीवाल्यांकडून शिकलो. गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर साडी दाखवताना ते दारापाशी येतात आणि उजेड पदरावर पडू देतात. पिवळ्या दिव्याखाली रंग फसवतो, हे त्यांना पक्के ठाऊक. माणसाच्या कातडीचेही तसेच. खिडकी कायम समोर ठेवा, पाठीशी नको. आमच्या त्या दिवशीच्या फजितीचे निम्मे कारण खिडकीच होती, आणि ती चूक सुधारायला एक रुपयाही लागत नाही.

बरोबर नेण्यासाठी

आम्ही मोटारसायकलवरून वस्तीवरही जातो. म्हणून यूएसबीला जोडताच चालणारा, वेगळे सॉफ्टवेअर न मागणारा कॅमेरा घ्या. खोक्यावर "यूव्हीसी" किंवा "प्लग अँड प्ले" लिहिलेले असते. वीज लॅपटॉपमधूनच मिळते. केबल दीड मीटर तरी हवी, नाहीतर कॅमेरा जखमेपर्यंत पोहोचत नाही. घडी होणारी क्लिप, छोटा स्टँड आणि धुळीपासून वाचवायला झाकणाची डबी असू द्या. माईक कॅमेऱ्यातला चालतो, पण गोंगाटात साधा इअरफोन अधिक चांगला.

सरकारची ई-संजीवनी सेवा याच कामी येते. एप्रिल २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलण्याची सोय तिच्यात आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे नियमही ठरवून दिले.

झाकण आणि जपणूक

कॅमेऱ्याला सरकते झाकण असावे, नसेल तर कागदाची पट्टी चिकटवा. मुले त्याच खोलीत वावरतात. मुलीला डॉक्टरांना दाखवताना शेजारी बाई हवी, आईबापांची परवानगी हवी, रेकॉर्डिंग अजिबात नको. आम्ही तपासणीचे एकही चित्र साठवत नाही आणि या पत्रिकेतही छापणार नाही.

आता

नवा कॅमेरा आला त्या पहिल्या शनिवारी त्या मुलीची आई मुकादमाच्या फोनवर आली. पहिले वाक्य, "बाही वर कर." मुलीने दंड कॅमेऱ्याजवळ नेला. क्षणभर धूसर झाले, मग स्पष्ट दिसले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गेलं की गं!" आणि जेवलीस का, अभ्यास केलास का, हे सुरू झाले.

योहानाने आपल्या तिसऱ्या पत्राच्या शेवटी म्हटले आहे की पुष्कळ लिहायचे आहे, पण शाई-लेखणीने नको, समोरासमोर बोलू. प्रत्यक्ष भेटीची जागा कॅमेरा घेत नाही हे मी रोज पाहते. पण फड लांब असतो आणि एप्रिल यायला वेळ असतो.

आपल्या घरी ऑटोफोकसचा, चालू स्थितीतला जुना वेबकॅम पडून असेल तर टाकून देऊ नका, आधी आम्हाला विचारा. आणि शनिवारी संध्याकाळी प्रार्थनेला बसाल तेव्हा कोपीवर फोन हातात धरून बसलेल्या आयांची आठवण ठेवा.