टाक्याचं आणि बिनटाक्याचं

‘ऑपरेशन’ म्हटलं की गावाकडे बहुतेक वेळा बाईचीच नसबंदी समजली जाते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 37.9 टक्के विवाहित स्त्रियांनी ती केलेली आढळली. पुरुष नसबंदीचं प्रमाण अवघं 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, तरीही!

टाक्याच्या पद्धतीत ओटीपोटावर छोटा छेद देऊन दोन्ही बीजनलिका बाहेर ओढतात, वेढा बांधून मधला तुकडा कापतात. बिनटाक्याच्या म्हणजे दुर्बिणीच्या पद्धतीत नलिकेवर घट्ट रिंग चढवतात. स्त्रीबीजाची वाट अडते, इतकंच. गर्भाशय आणि बीजकोश जागेवरच असतात, त्यामुळे पाळी येत राहते. ‘अंगातली ताकद जाते’ ही निव्वळ भीती.

धोका घाईत असतो. नोव्हेंबर 2014मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच सर्जननं काही तासांत 83 शस्त्रक्रिया उरकल्या. त्यानंतर तेरा स्त्रिया दगावल्या. 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

ऑपरेशनसाठी नवऱ्याची सही लागत नाही, बाईची संमती पुरते.

ऑपरेशन झालेल्या हजारात साधारण पाच जणींना पहिल्या वर्षातच पुन्हा दिवस जातात, कधी नलिकेतच. म्हणून ऑपरेशननंतर पाळी चुकली तर लगेच तपासून घ्यावं.