माहिती चौकट : यंत्र विकत मिळते, चमू घडवावा लागतो

रणगाड्यातला चालक, गनर आणि कमांडर यांचा मेळ बसला नाही, तर रणगाडा कुचकामी ठरतो. १९४८ पासून चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा सांभाळणाऱ्या अहिल्यानगरला हे वेगळे सांगायला नको. नौदलाच्या हेलिकॉप्टरलाही हाच न्याय लागू आहे. पाणबुडीच्या शोधात वैमानिक लाटांवर हेलिकॉप्टर एका जागी तरंगते ठेवतो आणि केबलला बांधलेला सोनार पाण्यात सोडला जातो. तापमानाच्या थरांमुळे समुद्रात आवाजाची दिशा वळते, त्यामुळे सोनार किती खोल न्यायचा आणि पुढची बुडी कुठे घ्यायची, हा निर्णय कळीचा ठरतो. म्हणून उड्डाण शिकल्यानंतरचे डावपेचांचे प्रशिक्षण एकट्या वैमानिकाचे नव्हे, तर संपूर्ण चमूचे असायला हवे.

भारताने २०२० मध्ये २४ एमएच-६०आर हेलिकॉप्टरांचा करार केला आणि मार्च २०२४ मध्ये कोचीच्या ‘आयएनएस गरुड’वर त्यांचे पहिले पथक दाखल झाले. इतकी प्रगत यंत्रे आणि जोडीला सिम्युलेटर असताना समुद्रावरचा खर्चिक सराव कशाला, असे कोणी विचारील. सिम्युलेटरवर चूक पुन्हा पुन्हा करून सुधारता येते, हा त्याचा मोठा फायदा आहेच. पण हलत्या डेकवर रात्री उतरण्याचा ताण तिथे पुरता उभा राहत नाही. मार्च २०२३ मध्ये मुंबईजवळ नौदलाचे ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर शक्ती गमावून समुद्रात उतरवावे लागले, तेव्हा तिघेही बचावले. असे प्रसंग सरावावरचा खर्च रास्त ठरवतात.