निवासवाहन-तळ, दुर्गम प्रदेशांतील
ज्या मोटारगाडीत किंवा मोटारीमागे ओढावयाच्या गाडीत झोपण्याची, स्वयंपाकाची व बहुधा शौचस्नानाचीही सोय असते, तीस निवासवाहन म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे वाहन ‘आरव्ही’ या संक्षिप्त नावाने, तर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व भारत या देशांत ‘कॅराव्हॅन’ या नावाने ओळखले जाते. अशी वाहने मुक्कामासाठी उभी करता यावीत म्हणून पाणी, वीज व सांडपाणी यांच्या जोडण्यांसह आखलेली जागा म्हणजे निवासवाहन-तळ. वनांत वा राष्ट्रीय उद्यानांत सार्वजनिक खात्यांनी राखलेल्या, तंबू आणि वाहने या दोहोंसाठी असलेल्या जागेस शिबिरस्थळ असे संबोधितात. तेथे जोडण्या क्वचितच असतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून हे शब्द मराठी वाचकाच्याही परिचयाचे होऊ लागले आहेत.

शहरालगत वा मोठ्या महामार्गावर तळाची निवड ही मुख्यतः सोयीची व खर्चाची बाब असते. एक तळ पसंत न पडल्यास दुसरा काही मिनिटांवर सापडतो. विरळ वस्तीच्या ग्रामीण प्रदेशात मात्र पुढचा तळ शंभर किमी.हून दूर असू शकतो आणि मधल्या अंतरात पाणी, इंधन, दूरध्वनी यांपैकी काहीही असेलच असे नाही. त्यामुळे तेथे तळावरील सुखसोयींपेक्षा तळाची जमीन, तेथे पोहोचण्याचा व तेथून निघण्याचा रस्ता आणि जवळचे पाणी यांची पारख अगोदर करावी लागते. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने पश्चिम अमेरिकेतील परिस्थितीचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : पीअर्स-ॲरो या कंपनीने १९१० मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात मांडलेली प्रवासी गाडी ही आरंभीच्या निवासवाहनांपैकी एक मानली जाते. १९१९ मध्ये फ्लॉरिडातील टँपा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही मोटारप्रवाशांची संघटना स्थापन झाली. त्या काळी प्रवासी मिळेल त्या माळावर वा झाडाखाली मुक्काम करीत. याचे दुष्परिणाम ई. पी. माइनेके या वनस्पतिरोगतज्ञाने कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांच्या संदर्भात दाखवून दिले. चाकांखाली व पायांखाली माती दबून घट्ट होते व मुळे गुदमरतात, असे त्याला आढळले. त्यावर उपाय म्हणून त्याने १९३०–४० या दशकाच्या आरंभी शिबिरस्थळांचा जो आराखडा सुचविला, त्यात एकेरी वाहतुकीचा वळसेदार रस्ता, प्रत्येक कुटुंबासाठी रस्त्यापासून तिरकी काढलेली गाडी उभी करण्याची पट्टी आणि जागेवर पक्के बसविलेले टेबल व चूल यांचा समावेश होता. ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या बेकारी निवारण योजनेतील तरुणांनी १९३३ ते १९४२ या काळात याच धर्तीवर अनेक शिबिरस्थळे बांधली. हा इतिहास आजच्या प्रवाशालाही उपयोगी आहे, कारण त्या पट्ट्या तत्कालीन आखूड गाड्यांच्या मापाच्या होत्या. दहा-बारा मी. लांबीचे आधुनिक वाहन त्यांत मावत नाही आणि वळशावर झाडे असल्याने मागेही फिरविता येत नाही. जुन्या शिबिरस्थळांच्या बाबतीत वाहनाच्या लांबीची मर्यादा ही म्हणूनच विचारावयाची पहिली गोष्ट ठरते. १९५६ नंतर आंतरराज्य महामार्ग झाले आणि १९६२ मध्ये माँटॅना राज्यातील बिलिंग्ज येथे ‘केओए’ या खाजगी तळसाखळीचा पहिला तळ निघाला. अशा तळांवर मोठ्या वाहनांची सोय असते. परंतु ते बहुधा महामार्गाच्या कडेनेच आढळतात.

जमिनीची मालकी : पश्चिमेकडील राज्यांत फार मोठे क्षेत्र संघशासनाच्या मालकीचे आहे. नेव्हाडात हे प्रमाण सु. ८० टक्के आहे. यातील भूव्यवस्थापन विभागाच्या व वनखात्याच्या बऱ्याच जमिनीवर, आखीव शिबिरस्थळाबाहेरही, काही दिवस विनामूल्य मुक्काम करता येतो. भूव्यवस्थापन विभागाची सर्वसाधारण मर्यादा २८ दिवसांत १४ दिवस अशी असून स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. हिवाळा उबदार प्रदेशात घालविणाऱ्यांसाठी ॲरिझोना व कॅलिफोर्निया यांच्या वाळवंटी भागात १९८३ पासून दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे राखून ठेवली आहेत. तेथे परवाना घेऊन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात राहता येते. ॲरिझोनातील क्वार्टझाइट हे अशा मुक्कामाचे प्रसिद्ध केंद्र होय. लहान गावांतील खाजगी तळ अनेकदा पेट्रोलपंप वा मोटेल यांच्या जोडीने चालतात. काही ठिकाणी जिल्ह्याच्या जत्रेचे मैदानच एरवी तळ म्हणून भाड्याने मिळते. यांतील काही तळांवर खाणकामगार, रस्तेबांधणीचे मजूर किंवा घरभाडे न परवडणारी कुटुंबे कायमची राहतात. तेथे प्रवाशासाठी जागा शिल्लक असतेच असे नाही. पूर्वसूचना देणे हेच बरे.

पाणी, सांडपाणी व वीज : निवासवाहनात सामान्यतः तीन टाक्या असतात : एक शुद्ध पाण्याची, दुसरी स्नान व भांडी यांच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. काटकसरीने वापरल्यास माणशी दिवसाला सु. २० लि. पाणी पुरते. म्हणजे २०० लि.ची टाकी दोन माणसांना पाच दिवस चालते. परंतु बहुतेकदा सांडपाण्याची टाकी त्याआधीच भरते व मुक्कामाची खरी मर्यादा तीच ठरविते. मैलापाणी सोडण्यासाठी नेमलेले केंद्र कोठे आहे, ते ऋतुपरत्वे बंद असते काय, याची चौकशी तळ ठरविण्यापूर्वीच करावी लागते. उघड्यावर मैलापाणी सोडणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय ज्या गावाच्या विहिरी उथळ आहेत त्याच्या दृष्टीने ते घातक आहे. ग्रामीण तळांवरील मैल्याच्या टाक्या जीवाणूंच्या क्रियेवर चालतात. फॉर्माल्डिहाइडयुक्त दुर्गंधीनाशके त्या जीवाणूंना मारतात, म्हणून अनेक तळांवर त्यांस मनाई असते. उंचावरील शिबिरस्थळांत नळ फुटू नयेत म्हणून थंडीपूर्वीच पाणी बंद केले जाते, मग स्थळ उघडे असले तरी.

विजेच्या जोडण्या दोन प्रकारच्या आढळतात. १२० व्होल्टची ३० अँपिअरची जोडणी ३,६०० वॉट देते, तर १२०/२४० व्होल्टची ५० अँपिअरची जोडणी १२,००० वॉट देऊ शकते. लहान गावाच्या टोकाला, लांबलेल्या तारांवर असलेल्या तळावर उन्हाळ्याच्या दुपारी सर्वांची वातानुकूलन यंत्रे एकदम चालू झाली, की दाब घसरतो आणि यंत्रांची हानी होते. जोडणी आहे एवढ्याने भागत नाही. जोडणी नसेल तेथे जनित्र वापरतात. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू वासरहित असल्याने झोपेतच प्राणघातक ठरतो. म्हणून स्वतःचे वा शेजाऱ्याचे जनित्र वाऱ्याच्या कोणत्या बाजूस आहे, हे पाहून गाडी लावतात. वायूवर चालणारे शोषण-प्रकाराचे शीतकपाट गाडी कलती असल्यास नीट चालत नाही व निकामी होऊ शकते; सपाट जागा शोधण्यामागे झोपेच्या सुखाखेरीज हेही कारण असते.

सपाट जागेचा मोह : येथेच निवडीतील सर्वांत गंभीर प्रश्न उद्‌भवतो. डोंगराळ प्रदेशात सपाट, सावलीची व पाण्याजवळची जमीन बहुधा एकाच कारणाने तयार झालेली असते. नदीने वा ओढ्याने पुराच्या वेळी गाळ आणून तेथे पसरलेला असतो. जे गुण शिबिरास हवेत, तेच पुराने दिलेले असतात. स्पेनमधील पिरेनीज पर्वतात बिएस्कास येथील शिबिरस्थळ आरास ओढ्याच्या पंखाकृती गाळमैदानावर होते. ७ ऑगस्ट १९९६ रोजी डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, वरचे मातीधारक बांध फुटले व गाळगोट्यांसह आलेल्या लोंढ्यात ८७ जण मरण पावले. आर्‌कॅन्सॉ राज्यातील अल्बर्ट पाइक या वनखात्याच्या स्थळी ११ जून २०१० च्या पहाटे लिटल मिझुरी नदीची पातळी काही तासांत सु. १ मी. वरून ७ मी. वर गेली आणि २० जण बुडाले. खोऱ्यात भ्रमणध्वनीचा संपर्क नसल्याने धोक्याची सूचना झोपलेल्यांपर्यंत पोहोचू शकली नाही. टेक्सस राज्यातील ग्वादालूप नदीस ४ जुलै २०२५ रोजी आलेल्या पुरात शंभराहून अधिक लोक दगावले व काठावरील तळांवरची निवासवाहने वाहून गेली. निवासवाहन हे भक्कम घरासारखे दिसते, परंतु पाण्यात ते हलक्या पेटीसारखे तरंगू लागते.

वाळवंटात हा धोका अधिक फसवा असतो. तेथील कोरडे नाले वर्षातील बहुतेक दिवस वाळूचे रुंद, गुळगुळीत रस्तेच भासतात आणि पाऊस वीस-तीस किमी. दूर डोंगरावर पडून माथ्यावर निरभ्र आकाश असतानाही त्यांत लोंढा येतो. अनुभवी प्रवासी प्रथम झाडांच्या फांद्यांत अडकलेला काटक्या-पाचोळ्याचा केर कोणत्या उंचीवर आहे हे पाहतात. गोल झालेले मोठे धोंडे, एकाच दिशेला कललेली झुडपे आणि काठावरील मातीत दिसणाऱ्या आडव्या रेषा याही पुराच्या खुणा होत. अशा ठिकाणी राहावेच लागले, तर चढाची पायवाट उजेडात पाहून ठेवणे आवश्यक असते. पूर आल्यावर गाडी वाचविण्याच्या प्रयत्नात वेळ गमावू नये. हवामान खात्याचे अखंड प्रक्षेपण १६२·४०० ते १६२·५५० मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतांवर चालते. त्यासाठी छोटा स्वतंत्र रेडिओ लागतो व भ्रमणध्वनी नसेल तेथेही तो अनेकदा उपयोगी पडतो.

उताराच्या पायथ्याची जागा हा दुसरा धोका. माँटॅनात १७ ऑगस्ट १९५९ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास झालेल्या हेबगेन सरोवर-भूकंपात मॅडिसन दरीची कडा कोसळली व रॉक क्रीक शिबिरस्थळाच्या भागातील प्रवासी दरडीखाली गाडले गेले. भूकंपात एकूण २८ मृत्यू झाले. दरडीमुळे नदी अडून तयार झालेले सरोवर आजही तेथे आहे. असा प्रसंग प्रवाशास आधी ओळखता येणे कठीणच. तथापि ताज्या दगडांचा ढीग पायथ्याशी दिसत असेल, तर वरून दगड पडतात एवढे तरी कळते.

बाहेर पडण्याचा रस्ता : एकच रस्ता असलेले स्थळ शांत असते व आगीच्या हंगामात तेच सापळा ठरते. सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील ‘क्रीक’ वणव्याने मॅमथ पूल जलाशयाकडे जाणारा रस्ता बंद झाला, तेव्हा तेथे अडकलेल्या दोनशेहून अधिक लोकांना नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरांनी रात्रीच्या धुरातून बाहेर काढावे लागले. उन्हाळ्याच्या अखेरीस वनप्रदेशात तळ घेताना वाहनाचे तोंड रस्त्याकडे ठेवून ते उभे करणे हा साधा संकेत आहे.

नेव्हाडाचे उदाहरण : यूएस ५० या महामार्गास १९८६ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने अमेरिकेतील सर्वांत एकाकी रस्ता म्हटले. त्यावर फॉलन ते ऑस्टिन हे अंतर सु. १८० किमी., ऑस्टिन ते युरेका ११० किमी., तेथून ईली १२५ किमी. आणि पुढे बेकर ही छोटी वस्ती सु. १०० किमी. आहे. या टप्प्यांत इंधन जवळजवळ केवळ या गावांतच मिळते, म्हणून निम्मी टाकी रिकामी झाली की ती भरावयाची, असा प्रवाशांचा रिवाज आहे. बेकरजवळच्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानातील शिबिरस्थळांत विजेच्या वा पाण्याच्या जोडण्या नाहीत. सु. २,२०० मी. उंचीवरील खालचे लेमन क्रीक स्थळ वर्षभर उघडे असते. परंतु वरच्या लेमन क्रीक स्थळापलीकडे, सु. ३,००० मी. उंचीवरील व्हीलर शिखर-स्थळाकडे जाणाऱ्या घाटात २४ फुटांहून (सु. ७·३ मी.) लांब वाहनांस बंदी आहे व हिवाळ्यात तो रस्ता बर्फामुळे बंद राहतो. मोठे वाहन असलेल्यांनी बेकर येथील जोडण्यांच्या खाजगी जागेत वाहन ठेवून घाट लहान मोटारीने चढणे श्रेयस्कर. उंचीचा परिणाम यंत्रांवरही होतो. हवा विरळ असल्याने साध्या जनित्राची शक्ती दर ३०० मी. चढास सु. ३ टक्के घटते, ३,००० मी. वर ती एक-चतुर्थांशाहून अधिक कमी झालेली असते.

आरक्षण व चौकशी : पूर्वी अशा स्थळी लोखंडी पेटीत शुल्काचे पाकीट टाकून जागा घेता येत असे व कित्येक ठिकाणी ती पद्धत अजून टिकून आहे. तथापि अनेक सार्वजनिक स्थळांचे आरक्षण आता संगणकीय जाळ्यावरून होते; ज्या खोऱ्यात भ्रमणध्वनीच चालत नाही तेथे पोहोचल्यावर ते करता येत नाही, ही विसंगती प्रवाशाने लक्षात ठेवलेली बरी. खाजगी तळांच्या बाबतीत छापील वा संगणकीय सूचींवर विसंबण्यापेक्षा मालकाशी त्याच आठवड्यात बोलणे अधिक विश्वसनीय असते, कारण हे तळ मालकाच्या आजारपणाने वा ऋतुमानाने अचानक बंद होतात. अस्वलांचा वावर असलेल्या भागात वेगळे नियम लागू असतात. उदा., यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील फिशिंग ब्रिज येथे कडक भिंतींच्या वाहनांनाच प्रवेश आहे. कापडी छताच्या गाड्या व तंबू तेथे चालत नाहीत. [⟶ राष्ट्रीय उद्याने].